जलदुर्ग टाकीत उतरवण्याआधी

पत्र

काका, आमच्याकडे दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच काचेची टाकी आहे. तिच्यात दोन गोल्डफिश आणि चार मोली होत्या. मुलगा पाचवीत आहे, दर दिवाळीला अंगणात किल्ला करतो. यंदा म्हणाला, जलदुर्ग करायचा तर तो पाण्यातच हवा. म्हणून त्याने प्लास्टर ऑफ पॅरिसचा सिंधुदुर्ग केला, वर ऑइलपेंट दिला, तटाच्या कडेने तारकर्लीहून आणलेले शंख-शिंपले लावले. मीही दिवाळीच्या साफसफाईत टाकी पूर्ण रिकामी केली, खडी आणि फिल्टरचा स्पंज साबणाने घासून लख्ख केला, नळाचं ताजं पाणी भरलं आणि किल्ला आत ठेवला. दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले आणि चौथ्या दिवशी सकाळी एक गोल्डफिश गेला. किल्ला लगेच काढला. बाकीचे पाच अजून आहेत. मुलगा मात्र टाकीकडे बघतच नाही, ‘मी मारला’ एवढंच म्हणतो. घरी केलेलं काहीच टाकीत ठेवू नये का? ठेवायचं तर काय चालतं? आणि किल्ल्याला दरवाजा उघडा ठेवायचा की बंद, यावरून बापलेकांचं भांडण चालू होतं, तेही मिटवा.

– एक आई, सांगली जिल्हा

उत्तर

ताई,

आधी जे पाच जिवंत आहेत त्यांचं बघू, किल्ला कुठे पळून जात नाही. आजपासून आठवडाभर रोज पाव टाकी पाणी बदला, एकदम जास्त नको. बदलायचं पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवा, म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जाईल. त्यापेक्षा खात्रीचं हवं असेल तर माशांच्या दुकानात अँटीक्लोरीनची छोटी बाटली मिळते. एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा. दोन दिवस खाणं बंद. धडधाकट मासा दोन दिवसांच्या उपासाने मरत नाही, उरलेल्या खाण्याने मात्र मरू शकतो. स्पंजला हात लावू नका. पुढे कधी तो तुंबलाच तर टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यात दोनदा पिळायचा, बस. आणि साबण त्या टाकीच्या आसपाससुद्धा फिरकू द्यायचा नाही.

आता गोल्डफिश कशाने गेला ते. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि माझं बोट किल्ल्याच्या आधी साबणाच्या बादलीकडे जातं. वाईट वाटून घेऊ नका. टाकी लख्ख करायची चूक मासे पाळणारा प्रत्येक जण एकदा करतोच.

माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सतत अमोनिया पाण्यात उतरत असतो. तो माशाला विषारी. मुरलेल्या टाकीत डोळ्यांना न दिसणारे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी, पाणी बदललं की जातं. हे जीवाणू पाण्यात फार कमी तरंगतात, त्यांचं घर स्पंजमध्ये, खडीवर, काचेवरच्या बुळबुळीत थरात असतं. स्पंज म्हणजे टाकीचं विरजण समजा. तुम्ही विरजणाचं भांडं साबणाने घासून ठेवलंत आणि दुसऱ्या दिवशी दही लागण्याची वाट पाहिलीत. नवं विरजण जमायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर सहाच्या सहा मासे आपल्याच अमोनियात पोहत होते. पाण्याचा दुधाळपणा, वर येऊन धापा टाकणं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरण, सगळं या हिशोबात बसतं. गोल्डफिश आधी गेला तेही बसतं, कारण तो घाण करण्यात मोलीला भारी. (आणि हो, ५०-५५ लिटरच्या टाकीत दोन गोल्डफिश मुळातच दाटी. आता एकच राहिलाय, तर दुसरा आणू नका.)

मुलाला हे असंच सांगा. ‘जाऊ दे रे, मासाच तो’ असं म्हणू नका, त्याला ते पटणार नाही आणि पटू नयेही. टाकी मी धुतली, माझं चुकलं, तुझ्या किल्ल्यातही तीन चुका होत्या, आता दोघं मिळून त्या दुरुस्त करू, असं म्हणा. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला चुकीचा खरा वाटा पेलतो, सगळा भार एकट्यावर असला की तो गप्प होतो.

तर त्या तीन चुका.

पहिली, प्लास्टर. घट्ट झालेलं प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्सम, आणि ते दगडासारखं दिसलं तरी पाण्यात हळूहळू विरघळतं, एका लिटरला दोन ग्रॅमच्या थोडं वरपर्यंत. तुमच्या टाकीचं माप साधारण ५६ लिटर. खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी ४५ लिटर धरू. म्हणजे शंभरेक ग्रॅम सिंधुदुर्ग पाण्यात उतरू शकतो आणि पाणी बदललंत की पुढचे शंभर ग्रॅम. पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातले क्षार, वाढत जातो, किल्ल्याचा पृष्ठभाग पिठूळ होत जातो. प्लास्टरचा गणपती विसर्जनानंतर कित्येक दिवस तळाशी तसाच दिसतो, त्यामुळे ‘हे विरघळत नाही’ असा आपला समज होतो. विरघळतं, फक्त आपल्या सोयीने नाही.

दुसरी, ऑइलपेंट. वरून सुकलेला रंग आतून आठवडेच्या आठवडे ओला असतो, त्यातलं द्रावक आणि रंगद्रव्यं पाण्यात येतात, पृष्ठभागावर तवंग धरतो. टाकीत जायच्या वस्तूला रंगच द्यायचा नाही, असा माझा कडक नियम आहे. रंग हवा तर दगडाचा, मातीचा, शेवाळाचा. दोन महिन्यांत शेवाळ स्वतःच तटाला असा हिरवा-काळा रंग चढवतं की कुठल्याही ब्रशला जमणार नाही.

तिसरी, शंख. शिंपले-शंख चुन्याचेच असतात, पण गोल्डफिश आणि मोलींना थोडं जड पाणी मानवतं, त्यामुळे त्या बाजूने धोका नाही. निऑन टेट्रा किंवा डिस्कस असे मऊ पाण्यातले मासे असते तर मी एकही शिंपला ठेवू दिला नसता. तुमच्याकडे अडचण दुसरी आहे. पिळदार शंखाच्या आतल्या वळणात मेलेल्या जिवाचा अंश अडकून राहतो आणि पाण्यात गेला की कुजायला लागतो. शंख नाकाशी धरून बघा. मासळी बाजार आठवला तर तो शंख शोकेसमध्ये. पसरट शिंपला घासून, गरम पाण्यातून काढून चालतो. आणि किनाऱ्यावरून उचलताना एवढं बघा की प्रवाळ, समुद्री पंखे आणि काही जातींचे मोठे शंख १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. दुकानात विकायला ठेवलेत म्हणजे ते घेणं कायदेशीर आहे असं होत नाही.

मुलाला एकच प्रश्न शिकवा, वस्तू हातात घेतल्यावर विचारायचा. ही पाण्याला काय देईल? ‘कशी दिसेल’ हा प्रश्न त्यानंतर.

हा प्रश्न मी स्वतः महागात शिकलो. माझी पहिली टाकी नवीन असताना एका नातेवाइकांनी वास्तूसाठी म्हणून पितळी कासव दिलं, पाण्यात ठेवायचं असतं म्हणाले. घरात पाणी एकाच ठिकाणी सुंदर दिसत होतं, तिथे ठेवलं. आठवड्याच्या आत टाकीतल्या गोगलगायी एकेक करून उताण्या पडल्या. मग मासे पर मिटून कोपऱ्यात बसायला लागले. पितळेत तांबं असतं. तांब्याच्या लोट्यातलं पाणी आपण कौतुकाने पितो, पण गोगलगाय, झिंगे यांना तांबं अगदी थोडंही सोसत नाही, माशांनाही जास्त झालं की कल्ल्यांना बाधतं. कासव आता देव्हाऱ्याशेजारी वाटीत आहे. जुनी नाणी, पितळी घंटा, तांब्याची तार, जस्ताचा पत्रा, गळाचं शिसं, यातलं काही टाकीत नको. शिशाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, सिंधुदुर्गाच्या पायाचे दगड शिशाच्या रसात बसवले होते असं सांगतात आणि तुमच्या चिरंजीवांनी ते नक्की वाचलेलं असणार. मालवणच्या समुद्राला चालून गेलं. ४५ लिटरला नाही चालणार.

आता किल्ला कशाचा करायचा? माझ्या मते दोन वाटा आहेत, दोन्ही तुमच्या जिल्ह्यात सोप्या.

पहिली वाट कुंभाराची. कुंभाराकडून त्याचीच माती आणा आणि मुलाला त्यात किल्ला करू द्या. शाडू नको, आणि स्टेशनरीच्या दुकानातली आपोआप सुकणारी माती तर नकोच, दोन्हींचा पाण्यात चिखल होतो. भिंती बोटभर जाडीच्याच ठेवायच्या, बुरूज आतून पोकळ आणि प्रत्येक पोकळीला भोक हवंच, नाहीतर भट्टीत तडकतो. सावलीत आठ-दहा दिवस वाळवायचा, उन्हात नाही. मग कुंभाराला विनवून त्याच्या पुढच्या भट्टीत मडक्यांच्या सोबतीने भाजून घ्यायचा. पक्कं भाजलं की नाही हे आपल्या आज्या मडकं घेताना बघायच्या तसंच बघायचं. टिचकी मारली की खणखणीत वाजलं पाहिजे. भद्द वाजला तर किल्ला कच्चा, पाण्यात सुटेल. भाजलेली बिनरंगी माती पाण्याला काही देत नाही आणि तिच्या बारीक छिद्रांत आपले ते विरजणाचे जीवाणू आनंदाने घर करतात.

याच कारणाने संक्रांतीची सुगडं मला फार आवडतात. घरोघरी माळ्यावर पडलेली असतात. हळद-कुंकू धुऊन, दोन दिवस पाण्यात ठेवून आडवं झोपवलं की झाली गुहा. चुन्याच्या किंवा ऑइलपेंटच्या नक्षीचं सुगड मात्र घ्यायचं नाही. दिवाळीत तेल प्यालेली पणतीही नको, ते तेल कितीही धुतलं तरी तवंग होऊन वर येतंच. नर्सरीतली लालभडक कुंडी बघून भुलू नका, तो गेरू तरी असतो नाहीतर रंग. आणि चकचकीत झिलई दिलेलं मातीचं भांडं मी टाळतो, काही झिलयांमध्ये शिसं असतं आणि कुठल्या ते घरबसल्या कळत नाही.

दुसरी वाट दगडाची, आणि खरं सांगू का, जलदुर्गाला तीच शोभते. आपल्या पायाखाली सगळा काळा पाषाण आहे. कृष्णाकाठचे गोटे, बांधकामावरच्या काळ्या दगडाच्या चिपा, हे टाकीला उत्तम. फक्त आपल्या काळ्या दगडात पूर्वी वायूचे बुडबुडे राहिले, त्या पोकळ्या पुढे पांढऱ्या खनिजांनी भरल्या. त्यात गारगोटी असते, झिओलाइट असतं आणि कधी कॅल्साइट. (झिओलाइटचे कसले देखणे नमुने आपल्या दगडात निघतात ते सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात मुलाला एकदा दाखवाच.) यातलं कॅल्साइट विरघळतं. ओळखायला स्वयंपाकघरातलं व्हिनेगर पुरे. पांढऱ्या ठिपक्यावर थेंब टाकायचा आणि कान देऊन ऐकायचं, बारीक फसफस झाली की चुना आहे. शहाबादी फरशी, कोटा, संगमरवर, तिघेही फसफसणारे. तुमच्या माशांना त्यांचा छोटा तुकडा बाधणार नाही, तरी सगळा किल्ला त्याचा नको. कोकणातला जांभा दिसायला सिंधुदुर्गाच्या गावचा, पण तो झडतो आणि पाणी तांबडं करतो.

व्हिनेगरवर मात्र सगळा विश्वास टाकू नका. प्लास्टर ऑफ पॅरिस फसफसत नाही. तांबंही नाही.

दगड उकळायचे नाहीत. आत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली की दगड फुटतो, तोंडावर उडतो. ब्रशने घासा, वरून कडकडीत पाणी ओता, झालं. सांधायला शंभर टक्के सिलिकॉन घ्या, ज्याला सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो ते. ‘बुरशीरोधक’ लिहिलेली बाथरूमची ट्यूब नको, त्यातलं बुरशीचं औषध माशांनाही लागू पडतं. वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे चांगला आठवडाभर, वाळू द्या. फेविकॉल पाण्यात सुटतो. सिमेंट म्हणाल तर नव्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो, छोट्या टाकीचं पाणी भयंकर अल्कधर्मी होतं. घर बांधताना स्लॅबला पाणी मारतो तसं किल्ल्याला महिना-दीड महिना बादलीत बुडवून, पाणी बदलत बदलत ठेवायची तयारी असेल तरच सिमेंटच्या नादी लागा.

ठेवताना किल्ला खडीवर ठेवू नका. गोल्डफिश दिवसभर खडी उकरतो आणि एक दिवस बुरूज काचेवर येतो. खाली पातळ फोमचा तुकडा, त्यावर किल्ला, मग भोवती खडी. खडी एकतर वाळूइतकी बारीक नाहीतर माशाच्या तोंडात न मावणारी. वाटाण्याएवढी असली की ती गोल्डफिशच्या घशात अडकते. याच कारणाने फुगणारे रंगीत जेलीचे मणी नकोत, मासा ते खाणं समजतो. थर्माकोलही नको, तो कुरतडतो. काचेच्या गोट्या निर्धोक आहेत, पण त्यांच्या फटीत घाण साचते आणि काढता काढता जीव जातो.

तुमच्या भागात एक मोह हमखास होणार म्हणून आधीच सांगतो. द्राक्षबागेतलं उपटून टाकलेलं जुनं खोड काय सुंदर पीळ घेतलेलं असतं, जणू टाकीसाठीच घडवलेलं. घेऊ नका. त्या वेलीने वर्षानुवर्षं बोर्डो मिश्रण अंगावर घेतलेलं असतं, म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचूद म्हणजे तांबंच, वर बाकीच्या फवारण्या वेगळ्या. माझं पितळी कासव त्यापुढे काहीच नाही. लाकूड हवंच तर फवारणी न झालेल्या पेरूची जुनी, खडखडीत वाळलेली, साल काढलेली फांदी घ्या. कडुनिंब, कण्हेर, चिकाची झाडं टाळा. खाडीकाठची वाकडीतिकडी मुळं खारफुटीची असतात, तिला कायद्याचं संरक्षण आहे. नारळाची करवंटी मात्र निःशंक वापरा. खोबऱ्याचा कण न् कण खरवडून, शेंड्या काढून, तीन-चार वेळा पाणी बदलून उकळायची. तरी पाणी थोडं चहाच्या रंगाचं होईल आणि पहिले काही दिवस लाकडावर किंवा करवंटीवर पांढरट बुळबुळीत थर येईल. घाबरू नका, दोन्ही निरुपद्रवी, मोली तो थर चरून खातात.

किल्ला तयार झाला की लगेच टाकीत नाही. दोन सारख्या बादल्या घ्या, दोन्हींत एकाच वेळी भरलेलं सारखं पाणी. एकीत किल्ला, दुसरीत नुसतं पाणी. दहा दिवस. घरात आरओ असेल तर त्याचं मशीन बघायला येणाऱ्या माणसाकडे टीडीएस, म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत ते, मोजायची पेनासारखी वस्तू असते, तशी थोड्या पैशांत विकत मिळते. रोज दोन्ही बादल्यांचे आकडे मुलाने वहीत लिहायचे. दोन्ही आकडे जोडीने राहिले तर किल्ला पाण्यात काही विरघळवत नाही. किल्ल्याच्या बादलीचा आकडा चढत गेला तर काहीतरी सुटतंय. अगदी थोडं तांबं किंवा द्रावक या पेनाला दिसणार नाही, म्हणून नाकही वापरा आणि पाण्यावर तवंग आहे का ते तिरप्या उजेडात बघा. शेवटी जुना मोजा किल्ल्यावरून सगळीकडे फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे माशाचा पर फाटेल, तो कोपरा पॉलिश पेपरने घासायचा. मोठ्या माणसांना कंटाळवाणं वाटतं हे सगळं, पण मुलं यात रमतात, शिवाय तोवर टाकीचं विरजणही धरत येतं. तुमच्या बाबतीत मी किल्ला महिन्याभराने उतरवेन.

राहिला दरवाजा. ठेवायचा, आणि एक नाही, दोन. एकाच तोंडाच्या गुहेत पाणी फिरत नाही, आत घाण कुजते आणि घाबरलेला मासा आत शिरला की त्याला वळता येत नाही. सिंधुदुर्गाचा खरा दरवाजा दोन बुरुजांच्या वळणाआड असा लपवलाय की होडीतून येणाऱ्याला तो पटकन दिसत नाही, तीच युक्ती मुलाला करू द्या, माशांना आडोसा आवडतोच. माप असं घ्या की मोली पर पसरून आरामात आत जाईल आणि तुमचा गोल्डफिश डोकंही घालू शकणार नाही. अर्धवट मापाचा दरवाजा सगळ्यात वाईट, मासा त्यातच अडकतो. मुलाला म्हणावं, गोल्डफिशला गडावर प्रवेश नाही, त्याने बाहेरून गस्त घालायची. आणि प्लास्टरचा जुना सिंधुदुर्ग फेकू नका. पुढच्या दिवाळीला परातीत निळी रांगोळी पसरा, मधोमध तो ठेवा, मावळे त्यावर कोरड्या पायांनी उभे राहतील.